पाच पताकांचं गोकर्ण

आज सकाळी स्कूटरच्या सीटवर गुलाबी भुसा पडलेला दिसला आणि तो पुसायचं सोडून मी आधी चहा टाकायला आत गेले. भुसा म्हणजे समोरच्या रेन ट्रीची फुलं. मार्च सरत आला की बंगळुरातल्या यशवंतपूरच्या आमच्या गल्लीतलं हे अवाढव्य झाड नटीच्या मेकअपच्या डब्यासारखं उघडतं आणि पावडरचे पफ खाली टाकत बसतं. फुलं बघून बाकीची माणसं हरखतात. सर्जापूर रोडच्या सोसायट्यांतली आयटीवाली पोरंपोरी गुलाबी झाडाखाली फोटो काढायला म्हणून खास उठून येतात. मला मात्र हा रंग दिसला की हॉल तिकीट आठवतं. बरं, परीक्षा माझी नव्हतीच. मी माझी शेवटची परीक्षा कशीबशी पार पाडून पुस्तकं रद्दीत घातली, त्याला तीस वर्षं होऊन गेली. परीक्षा होती माझ्या नणंदेची, सुधाची. ती परीक्षेला उभी होती आणि घाम मला फुटला होता. आता घाम येत नाही. नुसती धास्ती वाटते आणि चहाचा पहिला घोट घेतला की विरघळते. मागं उरतं ते हसू, आणि एक लांब सुटकेचा श्वास, जो त्या मोसमापासून मी अजून पुरता सोडलेला नाही असं मला वाटतं.

सुधा माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, आमच्याबरोबरच राहते. तेव्हा जवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. वर्गात तिचा आवाज मैदानापर्यंत जातो. पोरं तिच्यावर जीव टाकतात. पण समोर एखादं मोठं माणूस, अधिकारी, साधा बँकेतला मॅनेजर जरी आला तरी हिची वाचा बसते. पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहते, आणि टोक संपलं की पुन्हा सोडून पहिल्यापासून गुंडाळते. त्या वर्षी तिच्या शाळेचं कॉलेज होणार होतं. एमेस्सी पूर्ण झाली तर वनस्पतिशास्त्राची जागा तिची. नाही झाली तर इतकी वर्षं चाललेली तिची तात्पुरती नोकरीसुद्धा मे महिन्यात संपणार होती. पेपर तिनं सगळे सोडवले होते. अडकली होती ती प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेत. दोनदा परीक्षकांनी फूल पुढं करून विचारलं, हे कुठल्या कुळातलं. दोन्ही वेळा हिला कूळ, गोत्र, प्रवर सगळं ठाऊक होतं आणि दोन्ही वेळा ही पदर गुंडाळत उभी. आता नियमाप्रमाणे एकच संधी उरली होती.

अशा वेळी घरात नाटकात कामं करणारी वहिनी असेल तर ती स्वस्थ बसेल का? इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी इतक्या खाष्ट सासवा रंगवल्या आहेत की खऱ्या सासूबाईंनी एकदा विंगेत येऊन विचारलं होतं, हे सगळं माझ्यावरून उचललंस का गं. मी तालमी जाहीर केल्या. जेवणाचं टेबल म्हणजे प्रयोगशाळा. मी म्हणजे परीक्षक. नवऱ्याचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर, सासूबाईंची शाल अंगावर, हातात लाटणं. लाटण्याचं काम काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही, पण भूमिकेला वजन येत होतं.

विषय होता शेंगवाल्यांचा. तुम्ही म्हणाल, शेंग ती शेंग, त्यात काय बघायचं. मीही तेच म्हणाले होते. मग सुधानं गच्चीवरच्या वेलाचं एक पावट्याचं फूल, रस्त्यावरचं एक गुलमोहराचं आणि एक रेन ट्रीचा पफ अशी तीन फुलं एका ताटलीत मांडली. म्हणाली, वहिनी, ही तिघं नात्यातली आहेत. मी त्या तिघांकडं पाहिलं. एक राजकुमारासारखं लाल, एक पाटलाच्या फेट्यासारखं वळलेलं, आणि एक तर फूलच नाही, नुसते केस. मला वाटलं अभ्यासानं बाई थकली.

तिनं ब्लेड घेतलं आणि गुलमोहराची कळी उकलली. आत चार लाल पाकळ्या आणि पाचवी पांढरी, ठिपक्याठिपक्यांची. त्या पाचवीला आम्ही लहानपणी राणी म्हणायचो आणि खायचो, आंबट लागायची. ती पताका, सुधा म्हणाली. कळीत असताना ही पताका सगळ्यांच्या आत असते, बाकीच्या चौघी तिला लपेटून घेतात. पुंकेसर दहा, दहाही सुटे. त्या पुंकेसरांची डोकी एकमेकांत अडकवून कोंबड्यांच्या झुंजी मी पुण्यात लावल्या होत्या आणि सुधानं बंगळुरात लावल्या होत्या, त्यामुळं इथं मला अभ्यास करावा लागला नाही.

मग पावटा. इथं पताका सर्वांत बाहेर, घरातल्या थोरल्या काकूसारखी, सगळ्यांना पदराखाली घेऊन. तिच्या आत दोन पंख. पंखांच्या आत दोन पाकळ्या चिकटून झालेली छोटीशी नाव. आणि त्या नावेत पुंकेसर. तेही दहाच, पण नऊ जण खाली जुळून एक नळी करून बसलेले, आणि दहावा एकटा, बाजूला.

रेन ट्रीचा पफ तिनं सुईनं पिंजला तेव्हा तर मी खुर्चीवरून उठलेच. ते एक फूल नव्हतं, अख्खं वऱ्हाड होतं. प्रत्येक फुलाच्या पाकळ्या इवल्याशा, विचारू नका इतक्या, आणि सगळा थाट पुंकेसरांचा. त्यातही मध्यभागी एक फूल इतरांहून धष्टपुष्ट, मुंजीतल्या बटूसारखं. बाकीची त्याच्याभोवती दाटीवाटीनं.

आणि मग तिनं तिन्ही फुलांच्या पोटातून स्त्रीकेसर काढून शेजारी शेजारी ठेवले. एक लांब, एक वाकडा, एक केसाएवढा. पण तिन्हींच्या बुडाशी तेच, एक चिमुकली हिरवी शेंग.

त्या क्षणी मला माझं लग्न आठवलं. मी पुण्याची, सासर चार पिढ्यांपासून बंगळुरातलं. पहिल्या दिवशी सासूबाईंनी 'स्वल्प मीठ घाल', म्हणजे थोडं घाल, असं म्हटलं तेव्हा मी डबा हातात घेऊन उभी राहिले होते. ह्यांचं मराठी ऐकून माझ्या माहेरचे हसले, माझं मराठी ऐकून ह्यांचे म्हणाले, मुलगी रेडिओसारखी बोलते. आमच्याकडं कर्ता पुरुष आत बसायचा आणि बायका भोवती, ह्यांच्याकडं थोरली अक्का बाहेर ओसरीवर आणि सगळे तिच्या आत. वर्षभर मी ह्या घरात फक्त फरक मोजत होते. पाकळ्याच बघत होते म्हणा ना. पोटात एकच शेंग आहे हे कळायला पहिलं बाळंतपण यावं लागलं, जेव्हा ह्याच सासूबाईंनी माझ्या आईचाच डिंकलाडू, तेच जायफळ, तोच खोबऱ्याचा चव, माझ्यापुढं ठेवला आणि वर म्हणाल्या, खा, सरी होशील, म्हणजे बरी होशील. असो. मी तालमीचं सांगत होते.

सासूबाईंचा आक्षेप ब्लेडला होता. फुलं देवाला वाहायची असतात, चिरायची असतात का. त्यांनी आमची ताटली वेगळी काढली आणि देव्हाऱ्यापासून लांब बसवलं, सोवळ्यातून बाहेर काढल्यासारखं. पण स्वतः समोरच पावटे सोलत बसायच्या आणि कान आमच्याकडं. आमचे हे, मधुकरराव, गुळाचे व्यापारी, दुपारी जेवायला आले की ताटलीकडं संशयानं बघून विचारायचे, ह्यातलं वाढायचं कुठलं आणि विच्छेदनाचं कुठलं.

सुधाला बोलतं करायचं तर माहिती उपयोगाची नव्हती, ती तिच्याकडं पोत्यानं होती. संवाद हवा होता. म्हणून मी संवाद लिहिले. पावट्याच्या घराण्यासाठी माझं पेटंट वाक्य होतं: नऊ जण एका पंगतीत, दहावा रुसून ओसरीवर. हे वाक्य मी तिच्याकडून इतकं घोटून घेतलं की सासूबाईही शेंगा सोलताना पुटपुटायला लागल्या. पावटा, वाटाणा, हरभरा, गोकर्ण, काहीही पुढं आलं तरी घाबरायचं नाही. नऊ पंगतीत, एक ओसरीवर. परीक्षक खूश, आपण मोकळ्या. माझ्या दिग्दर्शनावर माझा फार विश्वास होता.

परीक्षेच्या दिवशी मी दहीभाताचा डबा घेऊन तिच्याबरोबर गेले. प्रयोगशाळेच्या खिडकीला जाळी होती आणि जाळीतून आतलं सगळं दिसत होतं, ऐकू काहीच येत नव्हतं. नाटकवाल्या बाईला ह्याहून मोठी शिक्षा नाही. प्रत्येकाच्या पुढं ताटली, ताटलीत तीन प्रकारची फुलं: गुलमोहर, रेन ट्री आणि निळंभोर गोकर्ण. मी जाळीला नाक लावून मनात टाळी दिली. गोकर्ण. आपलंच, पंगतीतलं.

सुधानं गोकर्ण उघडलं आणि तिचा हात थांबला. ती खाली वाकली, वर झाली, पुन्हा वाकली. मग ताटलीतलं दुसरं गोकर्ण घेतलं, तेही उघडलं. आजूबाजूच्या मुली भराभरा लिहीत होत्या. ही सुई हातात धरून फुलाकडं बघत बसलेली. मग अगदी सावकाश तिनं लिहायला घेतलं.

परीक्षक बाई परगावच्या होत्या, बारीक, ताठ, केसांत कनकांबराचा, म्हणजे आपल्या अबोलीचा, गजरा. एकेक टेबल करत त्या सुधापाशी आल्या, तिचा कागद वाचला आणि त्यावर बोट ठेवलं. काहीतरी विचारलं. सुधाचा हात पदराकडं गेला. संपलं, मी म्हटलं. माझ्या हातांची बोटं आपोआप वर झाली, नऊ ह्या बाजूला आणि एक त्या बाजूला, जाळीबाहेर मी रामलीलेतल्या रावणासारखी दहा बोटं पसरून उभी. नशीब, तिनं खिडकीकडं पाहिलं नाही. तिनं पदर सोडला. टेबलावरचं भिंगाचं स्टँड उचललं, परीक्षक बाईंच्या दिशेला फिरवलं, आणि तिचे ओठ हलले. चारच शब्द असतील, फार तर. बाई तिच्याकडं बघत राहिल्या. मग वाकल्या. मला नुसता तो नारिंगी गजरा दिसत होता, आणि तो बराच वेळ हलला नाही. शेवटी त्या सरळ झाल्या, त्यांनी काहीतरी लिहिलं आणि पुढच्या टेबलाकडं गेल्या. चेहऱ्यावर रेघ उमटली नाही. मी आयुष्यात इतक्या प्रेक्षकांचे चेहरे वाचले आहेत, पण त्या बाईंनी मला एक अक्षर दिलं नाही.

बाहेर व्हरांड्यात शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं सुधाला विचारलं, आंटी, गोकर्णाचं काय लिहिलंत? सुधा म्हणाली, दहा सुटे. त्या मुलीनं तिच्याकडं असं पाहिलं की जणू हिला कुणीतरी घरी नेऊन सोडायला हवं. सुटे तर गुलमोहराचे, ती म्हणाली, गोकर्ण नऊ अधिक एक, शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. सुधाचा चेहरा पांढरा पडला. माझ्या हातातला डबा जड झाला.

रिक्षात बसल्यावर तिनं मला सांगितलं. तिचं बोलणं तुटक होतं, मी जोडून सांगते. ते गोकर्ण साधं नव्हतं. परीक्षेची फुलं सकाळी कुणाच्या तरी कुंपणावरून खुडून आणतात, आणि इथल्या कुंपणांवर हल्ली लोक पूजेसाठी दुहेरी गोकर्ण लावतात, दिसायला भरगच्च, देवाच्या पायाशी शोभतं म्हणून. त्यात पंख नव्हते, नाव नव्हती. पाचही पाकळ्या रुंद, पाचही पताका. एका मांडवात पाच नवरदेव आणि वऱ्हाडी कुणीच नाही. आणि आत पुंकेसर दहा, दहाही सुटे.

"मला वाटलं ब्लेडनं मीच जोड तोडला, वहिनी," ती म्हणाली. "म्हणून दुसरं उघडलं. त्यातही तेच. मग जे दिसलं ते लिहिलं."

पण तिनं एवढ्यावर सोडलं नव्हतं. पाकळ्या आणि पुंकेसर बघून हे फूल गुलमोहराच्या घरात ढकलता आलं असतं. तिनं नाही ढकललं. बाकीचं अंग बघितलं. फुलाखालची दोन गोल पानं, पाकळ्यांखालच्या हिरव्या निदलांची नळी, स्त्रीकेसराच्या दांडीवरची दाढीसारखी लव. सगळं गोकर्णाचंच. म्हणून तिनं लिहिलं की हे पावट्याच्याच घरातलं आहे, फक्त ह्याचं रूप बदललं आहे.

मी विचारलं, आणि त्या बाईंना काय म्हणालीस?

त्यांनी विचारलं होतं, पुस्तकात जोड आहे, तुमच्या फुलातला जोड कुठं गेला.

"मी म्हटलं, नीवे नोडी, मॅडम."

तुम्हीच बघा. सुधा, परीक्षकाला. मी रिक्षावाल्याच्या आरशात माझा चेहरा पाहिला, तोंड उघडं होतं. ह्या संवादाची तालीम मी घेतलीच नव्हती.

मग सुरू झाले निकालाची वाट बघायचे दिवस. ह्या मोसमाचा हा भाग मला सगळ्यांत जास्त आठवतो आणि सगळ्यांत कमी आवडतो. गुलमोहर पेटला होता, शहरभर पिवळ्या फुलांचे सडे, इंदिरानगरला मैत्रिणीकडं गेले तर तिच्या दारात निळा जॅकरांडा. सगळं शहर लग्नाला निघालेलं, आणि आमच्या घरात सुतक. सुधा जेवायची म्हणजे भात इकडून तिकडं करायची. पहाटे उठून गच्चीवर येरझाऱ्या घालायची, तिच्या चपलांचा आवाज आम्ही सगळे आपापल्या अंथरुणात पडून ऐकायचो आणि ऐकत नाही असं दाखवायचो. फुलात जे होतं ते तिनं लिहिलं, हे खरं. पण बाईंनी ते मानलं का? की वाकून बघितलं आणि मनात म्हणाल्या, बिचारी, सोपं होतं तेही चुकली?

माझ्याच्यानं बसवेना. मी पुरावे गोळा करायला निघाले. सकाळी फिरायला जायच्या नावाखाली परडी घेऊन गल्लीगल्लीतल्या कुंपणांवरची गोकर्णं खुडायची. एकेरी दिसलं की एकेरी, दुहेरी दिसलं की दुहेरी. एकदा एका घराच्या मालकीण बाईंनी गेट उघडून विचारलंच, "एनक्का, पूजेगा?" मी डोळे अर्धवट मिटून म्हटलं, हो हो, पूजेला, एकादशी ना. एकादशी होती की नाही देव जाणे. बाईंनी हाताला भरून आणखी फुलं दिली, वर आपल्या सुनेच्या नावानं एक वाहायला सांगितलं. मी ते खरोखर वाहिलं, नंतर.

घरी आणून आम्ही दोघी चिरत बसलो. एकेरी फुलात नऊ पंगतीत, एक ओसरीवर. दुहेरीत दहाही सुटे, दर वेळी. मी सुधाला म्हटलं, बघ, जपून धरणारी नावच राहिली नाही, मग नऊ जण कशाला एकत्र बसतील. ती म्हणाली, वहिनी, हे तुमचं नाटक झालं, ह्याला शास्त्र म्हणत नाहीत. पण हसली. कित्येक दिवसांनी हसली. सासूबाई समोरून म्हणाल्या, तुम्ही दोघी स्वल्प हळू, आणि मग स्वतःच उठून आल्या, चष्मा लावला, भिंगातून पाहिलं. मग म्हणाल्या, आणि ह्याला शेंग येते का गं? सुधानं सांगितलं, येते आई. त्या म्हणाल्या, मग झालं की.

आज मागं वळून बघताना मला वाटतं, तो सगळा मोसम मी सुधाला बोलायला शिकवत होते आणि ती मला बघायला शिकवत होती. पाठ केलेलं वाक्य स्टेजवर तारून नेतं. समोर खरं फूल आलं की ते वाक्य बाजूला ठेवायला छाती लागते. ती छाती तालमीत तयार होत नाही. ती तिच्यात होतीच. पदर गुंडाळता गुंडाळता ती इतकी वर्षं माणसांकडं नाही, फुलांकडंच बघत होती. माणसाला काय सांगावं हे तिला सुचत नसे. फुलाबद्दल काय सांगावं हे सुचायची गरजच नव्हती, ते समोर पडलेलं होतं.

निकाल आला तो एका चिकट दुपारी. विद्यापीठाचं पान उघडेना. मधुकर दुकानातून फोन करून विचारत होते, उघडलं का, आणि मागं हमालांच्या हाका. मी फोन सुधाच्या हातातून काढून घेतला, मग तिनं माझ्या, मग सासूबाई म्हणाल्या, देवापाशी ठेवा की. आणि देव्हाऱ्यापाशीच, पाटावर ठेवलेल्या फोनवर ते पान उघडलं. उत्तीर्ण. प्रॅक्टिकलचे गुण बाकी सगळ्या विषयांपेक्षा जास्त. मी खाली बसले, जमिनीवर, साडीचा विचार न करता. फोनवर मधुकर काहीतरी ओरडत होते, ते मी तसेच पाटावर ठेवले. सुधा रडली नाही, हसली नाही. तिनं हात धुतले, पान मांडून घेतलं आणि वाढा म्हणाली. आमटीभात खाल्ला, पुन्हा भात घेतला, ताक प्यायली. मग आपल्या खोलीत गेली आणि आडवी झाली.

ती उठलीच नाही. संध्याकाळी नाही, रात्रीच्या जेवणाला नाही. दुसऱ्या दिवशी ऊन तिच्या पायांवर आलं तरी ती झोपलेलीच होती, तोंड किंचित उघडं, लहान मुलीसारखी. माझ्या सासूबाईंनी ह्या घरात उजाडल्यावर कधी कुणाला झोपू दिलेलं नाही, मलाही नाही, ओल्या बाळंतिणीला तर मुळीच नाही. त्या सकाळी मी कुकर लावायला गेले तर त्यांनी माझा हात धरला. मिक्सरची वायर काढून ठेवली. मधुकरना नळ हळू सोडायला लावला. आणि मग बाहेर जाऊन दारात खुर्ची टाकून बसल्या. सोप्पू सोप्पू म्हणत पालेभाजीची गाडी गल्लीत वळली, तशा त्या गुडघे धरत उठल्या, थेट रस्त्यावर गेल्या, आणि ओठांवर बोट ठेवून त्याला म्हणाल्या, "हळू रे अण्णा. आमची मुलगी झोपलीय."